एक जून लिही

केरबा मास्तरांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत किती पोरं जन्माला घातली, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. स्वतःचं एकच, विश्वजित, आणि ते बंगळुरात. बाकीची सगळी एक जूनची. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की बाप आढ्याकडे बघायचा, आई बापाकडे बघायची, आणि मास्तर दोघांकडेही न बघता जनरल रजिस्टरात लिहून मोकळे व्हायचे: एक जून. साल पोराच्या उंचीवरून. जूनच्या मध्याला शाळा सुरू व्हायची, एक तारीख धरली की वय बरोबर पुरं व्हायचं, कुणाची कटकट नाही. आजही एक जूनला शिवाजी पेठेत चौकाचौकात दादांच्या आणि भाऊंच्या वाढदिवसाचे फलक लागतात, त्यातले निम्मे दादा मास्तरांच्या हातचे. मास्तर ही गोष्ट मोठ्या फुशारकीनं सांगायचे. या एप्रिलपर्यंत सांगत होते.

मास्तर आता बहात्तरचे, रक्तात साखर. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. विश्वजितचा फोन रविवारी सकाळी यायचा, तोही मधेच दुसऱ्या कुणाशी तरी बोलत. जेवण खानावळीच्या डब्याचं. या पेठेत फुटबॉलवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद होतात, आणि मास्तरांना पेनल्टी कशाशी खातात तेही ठाऊक नाही, त्यामुळे कट्ट्यावरही त्यांना कुणी सरकून जागा देत नसे. अशा माणसाच्या घरात रोज संध्याकाळी पाच वाजता एक पोरगी दार न वाजवता घुसायची आणि दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "आण्णा, आज गूळ खाल्लासा का न्हाय? खरं सांगा. डबी मोजून ठेवलोय मी."

ही अक्षता. शेजारच्या अपार्टमेंटची राखण करणाऱ्या यल्लव्वाची मुलगी. कोल्हापूरच्या तमाम पोरींसारखी ती स्वतःला 'मी जातो, मी खातो' असंच म्हणायची, आणि मास्तर सहा वर्षं तिचं व्याकरण दुरुस्त करून थकले होते. ती त्यांच्या डब्याचं झाकण उघडून आमटीचा वास घ्यायची आणि खानावळवाल्याला शिव्या द्यायची. त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. मास्तर तिच्याकडून अपूर्णांक करून घ्यायचे, आणि गणित चुकलं की ती मास्तरांवरच उखडायची. अभ्यास झाला की मागच्या बोळात भिंतीवर बॉल आपटून झेलत बसायची. धप्, धप्, धप्. सुरुवातीला मास्तरांचं डोकं उठायचं. पुढं पुढं तो आवाज आला नाही तर ते उठून खिडकीशी जाऊन बघायचे.

ती त्यांच्या आयुष्यात आली ती वाळूच्या ढिगाऱ्यावरून. सहा वर्षांपूर्वी ते अपार्टमेंट अजून अर्धवटच होतं. यल्लव्वा तिथं पाट्या टाकायची, सीमेपलीकडची बाई, नवरा वारलेला, राहायला खाली नदीकडच्या पत्र्याच्या शेडात. पोरगी दिवसभर वाळूत. शाळेच्या वेळेला शाळेच्या वयाची पोर वाळूत बघून मास्तरांचं पित्त खवळलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण मास्तरकी अंगातून जाते कुठं? त्यांनी पोरीचं बखोट धरलं आणि यल्लव्वाला म्हणाले, "चल, नाव घालू हिचं."

"न्हाय री मास्तर," यल्लव्वा पाटी खाली ठेवून म्हणाली, "ल्हान हाय अजून. पाच बी पुरी न्हाईत. बैलांचा बेंदूर झाल्यावर चार दिसांनी झाली ती. लसीचा कागद हाय माझ्यापाशी, त्यावर लिवलंय सगळं. आणू का?"

पहिलीला सहा पुरी लागतात. पाच म्हणजे बालवाडी, आणि बालवाडीत सोडणार कोण, आणणार कोण? मास्तरांचा हिशेब झटपट होता. पहिलीत बसली की दुपारी पोटाला खिचडी, डोक्यावर छप्पर.

"कागद राहू दे तुझ्यापाशी," ते म्हणाले. "एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय? तुला काय कळतंय त्यातलं!"

शाळेत रजिस्टर घेऊन बसला होता विजयसिंह, मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेला शिक्षक. "सर, जन्मतारीख?" त्यानं विचारलं. मास्तर रुबाबात म्हणाले, "एक जून लिही." साल त्यांनी एक मागचं सांगितलं. यल्लव्वानं अंगठा उठवला. पुढं आधार कार्डही त्यावरच निघालं. आणि दोन महिन्यांनी महापूर आला, नदीकडची शेडं गेली, शेडातली यल्लव्वाची पत्र्याची पेटी गेली, पेटीतला कागद गेला. बिल्डरला दया आली म्हणा किंवा राखणीला फुकटचं माणूस मिळालं म्हणा, त्यानं मायलेकींना जिन्याखालची खोली दिली. तेव्हापासून अक्षता मास्तरांची झाली.

आता यंदाचा एप्रिल. शाळेच्या खेळाच्या बाईंनी अक्षताच्या हातात एक फॉर्म दिला. पुण्याकडे मुलींची एक निवासी क्रीडाशाळा आहे. राहणं, जेवण, शिक्षण, बूट, सगळं तिथलं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मैदान. गोलकीपर हव्यात. निवड चाचणी कोल्हापुरातच, पंधरा दिवसांनी. फक्त सातवीलाच प्रवेश, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

पोरीच्या अंगात वारं शिरलं. "आण्णा, तितं गवताचं मैदान हाय म्हणं. पडलं तर लागत न्हाय." तिची दोन्ही कोपरं बारा महिने सोललेली असायची. मास्तरांनी चष्मा लावला, फॉर्म वाचला, आणि खालून तिसऱ्या ओळीशी थांबले. तिथं जन्मतारखेची अट होती. त्यांनी ती परत वाचली. खऱ्या वयाप्रमाणे पोरगी अटीत बसत होती, सहा महिने हातात ठेवून. रजिस्टरातल्या वयाप्रमाणे ती सात महिन्यांनी मोठी होती.

"काय झालं?" अक्षतानं विचारलं.

"काही नाही. होऊन जाईल," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. ज्यानं तारीख घातली त्याला ती काढता येणार नाही होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत गेले. विजयसिंह आता मुख्याध्यापक झाला होता. तो उठून पाया पडला, त्यानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली.

"सर, पुरावा लागतो. जन्माचा दाखला न्हाईतर दवाखान्याचा कागद. मग आम्ही वर प्रस्ताव पाठवणार, वरनं मंजुरी आली की बदल."

"अरे, मी सांगतोय ना! मीच सांगितलेली तारीख, मीच सांगतोय खोटी आहे म्हणून. तू समोर होतास!"

"व्हय की. पण सर..." विजयसिंह जरा चाचरला. "तुम्हाला आठवतं का, एक पैलवान आलता. पोराची तारीख चुकलीय, भरती हुकतीय म्हणून रडत हुता तुमच्या पायाशी. तुम्ही काय म्हणालासा? रजिस्टर म्हणजे रजिस्टर. एकदा शाई वाळली की बापालाबी खाडाखोड न्हाय. ते ऐकूनच मी शिकलोय, सर."

मास्तरांना तो पैलवान आठवला. त्याच्या आधीचे आणि नंतरचेही आठवले. प्रत्येकाला त्यांनी हेच ऐकवून वाटेला लावलं होतं आणि संध्याकाळी बायकोला कौतुकानं सांगितलं होतं. चहा न पिताच ते उठले.

यल्लव्वाला त्यांनी जिन्यातच गाठलं. "तो लसीचा कागद कुठं आहे?"

"पुरात गेला की, मास्तर."

"दुसरा काही? बाळंतपण कुठं झालं? दवाखाना कुठला?"

"दवाखाना कुठला आलाय! कुरुंदवाडच्या अंगाला वीटभट्टीवर. बयाबाई सुईणीनं सोडवलं." ती आणखी काही सांगणार होती, पण मास्तर ऐकत नव्हते. ते खिशातल्या चिठ्ठीवर 'बयाबाई, कुरुंदवाड' असं लिहीत होते.

दोनदा एसटी बदलून बहात्तर वर्षांचा माणूस एप्रिलच्या उन्हात कुरुंदवाडला गेला. भट्टी बंद पडून तिथं प्लॉट पाडले होते. भट्टीमालकानं त्याच्याकडच्या बायकांच्या एकाही बाळंतपणाची नोंद कधी कुठं दिली नव्हती. भट्टीच्याच नोंदी नव्हत्या तर पोरांच्या कुठल्या? लस देणाऱ्या नर्सबाईंची बदली होऊन जमाना झाला होता आणि त्या काळची रजिस्टरं रद्दीत गेली होती. बयाबाई मात्र सापडली. ऐंशीच्या पुढची, कानानं अधू, अंगणात शेंगा फोडत बसलेली.

"यल्लव्वाची व्हय? पायाळू आलती ती पोर!" म्हातारी ओरडून म्हणाली. "रातभर जीव टांगणीला. बेंदराचा रंग बैलांच्या शिंगावर तसाच हुता बगा, चार दीस झालं हुतं. ती जगली काय?"

"जगली," मास्तर म्हणाले. "गोलकीपर आहे."

म्हातारीला ते काय कळलं कुणास ठाऊक, ती हसली. मास्तरांनी कागदावर सगळं लिहून तिचा अंगठा घेतला. परतीच्या एसटीत तो कागद छातीशी धरून बसले आणि त्यांच्याच मनात आलं, असा कागद घेऊन कुणी आपल्याकडे आला असता तर आपण काय म्हटलं असतं? आपण हसलो असतो. या विचारानं त्यांचं तोंड कडू झालं.

मग वकिलाकडे प्रतिज्ञापत्र. 'मी खाली सही करणार, शपथेवर लिहून देतो की सदर मुलीची जन्मतारीख मी जाणूनबुजून चुकीची सांगितली.' टाइप करणाऱ्या पोरानं विचारलं, "आजोबा, असं लिहून घेतासा खरं, उद्या केस झाली तर?" मास्तर म्हणाले, "होऊ दे. लवकर कर." शिक्षण खात्यात तीन फेऱ्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा साहेब रजेवर, तिसऱ्या वेळी साहेब भेटले आणि फार गोड बोलले. प्रस्ताव शाळेमार्फत यायला हवा. शाळा म्हणत होती पुरावा हवा. पुरावा नदीनं नेला होता. मास्तर घरी येऊन भांडी आपटायचे, खानावळवाल्यावर ओरडायचे, विश्वजितला फोनवर "तुला काय कळतंय त्यातलं!" म्हणून खेकसायचे. फक्त अक्षताला म्हणायचे, "होतंय. होत आलंय. तू सराव कर." आणि मागच्या बोळात धप्, धप् चालू राहायचं.

चाचणीच्या दिवशी सकाळी सातला ते मैदानावर पोचले. यल्लव्वाला कामावरून सोडलं नव्हतं. मैदान पोरींनी आणि त्यांच्या बापांनी भरून गेलं होतं. आधी खेळ, मग कागद, असा क्रम होता, आणि तिथंच घात झाला. कागद आधी बघितले असते तर पोरगी गोलात उभीच राहिली नसती.

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल नीट बघितला. समोरून एकेक पोरगी धावत येत होती, बॉल मारत होती, आणि अक्षता मांजरीगत अंग टाकत होती. दहातले आठ अडवले. आठवा तर डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांनी. बाहेर उभ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोच बाई जवळ आल्या. "कुठल्या क्लबची गं तू?"

"कुठल्याच न्हाई. भिंतीवर खेळतो."

बाईंनी हसत तिचं नाव वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. अक्षतानं लांबूनच मास्तरांकडे बघून दोन्ही हात वर केले. मास्तरांना हुंदका आला आणि त्यांनी तो खोकल्यात घालवला.

मग टेबल. टेबलामागे चष्म्यातल्या एक तरुण बाई. त्यांनी आधार बघितलं, शाळेचा दाखला बघितला, यादी बघितली. "ही बसत नाही वयात."

मास्तरांनी प्रतिज्ञापत्र पुढं केलं, बयाबाईचा अंगठा पुढं केला, सुरुवातीपासून सांगायला लागले. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"आजोबा, रागावू नका. सकाळपासून माझ्याकडे चाळीस पालक आलेत. प्रत्येक जण म्हणतोय, कागदावर पोरगी मोठी पडलीय, खरी लहान आहे. अंगठे पण आणलेत काहींनी."

"ते खोटं बोलत असतील!"

"तेही तुमच्याबद्दल हेच म्हणतील."

मास्तरांचा तोल गेला. टेबलावर हात आपटून ते ओरडले, "खोटं मी लिहिलंय! मी! मास्तर आहे मी, शेकडो पोरांच्या तारखा खोट्या लिहिल्यात! माझ्यावर केस करा, मला आत टाका, पण हिला घ्या!" रांगेतल्या लोकांनी मोबाइल वर केले. कुणी तरी म्हणालं, "म्हातारं बिथरलं." कोच बाई आल्या, यादी बघितली, ओठ चावला, आणि वहीतल्या त्या नावावर आडवी रेघ मारली. दोन रेघा आधीच होत्या, ही तिसरी.

"आण्णा, चला," अक्षता त्यांची बाही ओढत होती. "चला की. बगायल्यात सगळी."

परत येताना ती दहा पावलं पुढं चालत होती. ऊन चढलं होतं. मास्तर तिच्या पाठीकडे बघत चालले होते, आणि अचानक त्यांच्या मनात आलं, म्हणजे पोर आता जाणार नाही. उद्या पाच वाजता दार उघडेल. एवढं येऊन गेलं आणि त्यांची त्यांनाच किळस आली. रस्त्यातच त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी बोळातून आवाजही नाही. मास्तरांनी हट्टानं गुळाची अख्खी डबी संपवली, विचारायला कोणी नव्हतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते उठले, चप्पल घातली आणि अपार्टमेंटच्या जिन्याखालच्या खोलीशी गेले. सहा वर्षांत ते तिथं कधी गेले नव्हते. निरोप पाठवला की मायलेकीच यायच्या.

यल्लव्वा चुलीशी भाकरी थापत होती. अक्षता भिंतीला टेकून बसलेली. मास्तरांना बघून ती उठली नाही.

"यल्लव्वा, माझं चुकलं," मास्तर उंबऱ्यातूनच म्हणाले.

यल्लव्वानं भाकरी तव्यावर टाकली. "असू द्या की, मास्तर. तुमी केलासा म्हणून शाळा तरी बघितली तिनं." आवाजात राग नव्हता. तेच मास्तरांना सोसलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आण्णा," अक्षता म्हणाली. "अव्वा सांगतीया, तिनं तवाच सांगितलेलं. कागद आणतो म्हणालती. मग का ऐकलं न्हाईसा?"

मास्तरांकडे उत्तरं होती. सहा वर्षांची अट होती, बालवाडी लांब होती, दुपारची खिचडी होती, वाळूचा ढिगारा होता. सगळी खरी होती. पंधरा दिवस त्यांनी हीच उत्तरं ऑफिसाऑफिसातून सांगितली होती. पण पोरगी नजर हलवत नव्हती, पेनल्टीच्या वेळी हलवत नव्हती तशीच.

"तिला लिहिता येत नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून मला वाटलं, तिला माहीतही नसणार."

यल्लव्वाचा हात पिठात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही.

"वार बी म्हाईत हाय मला," ती हळू म्हणाली. "मंगळवार हुता. दिस उगवायच्या टायमाला झाली. पाऊस लागून राहिल्याला. सगळं म्हाईत हाय, मास्तर. तुमी इचारलासा कवा?"

मग यल्लव्वानं करपलेली भाकरी उचलून बाजूला टाकली आणि नवा गोळा घेतला. मास्तर दाराची कडी धरून उभे होते. जायला हवं हे कळत होतं, पाय निघत नव्हते.

"अक्षता," शेवटी ते म्हणाले, "उद्या येतीस?"

"न्हाय."

"परवा?"

पोरीनं आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती. मग ती उठून दाराशी आली.

"बघू," ती म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.